नाडी की श्वास? : हैदराबादच्या क्लोरोफॉर्म आयोगांचा इतिहास

प्रास्ताविक

रुग्णालयातील खाटेशी ठेवलेला तक्ता उघडला असता त्यावर टी., पी., आर. आणि बी. पी. ही आद्याक्षरे आढळतात. उष्णतामान, नाडी, श्वसन आणि रक्तदाब यांची ती संक्षिप्त रूपे होत. वैद्यकाचा अथवा परिचर्येचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी ती मुखोद्गत करतो. ही लक्षणे शेजारी शेजारी इतकी सहजपणे बसलेली दिसतात की, ती प्रारंभापासून अशीच एकत्र नांदत आली असावीत असे त्याला वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. तक्त्यावर लागून येणाऱ्या 'पी.' आणि 'आर.' या दोन अक्षरांमध्ये एकेकाळी मोठे वैर होते. क्लोरोफॉर्मची भूल देणाऱ्याने रुग्णाची नाडी पाहावी की श्वास पाहावा, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड आणि स्कॉटलंड येथील नामांकित वैद्य परस्परांविरुद्ध उभे ठाकले होते. हा वाद केवळ पंडिती नव्हता. शस्त्रक्रियेच्या मेजावर निजलेल्या रुग्णाचे प्राण त्याच्या निर्णयावर अवलंबून होते.

या वादाचा कायमचा निकाल लावण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न लंडन वा एडिंबरो येथे न होता दक्षिणेत, निजामाच्या हैदराबादेत झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी परिचित नाही. त्या काळी मराठवाड्याचे जिल्हे याच राज्यात मोडत असल्याने मराठी वाचकाला तर ती अधिकच जवळची वाटावी. १८८८ आणि १८८९ या दोन वर्षांत हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म आयोग नेमले गेले. त्यांनी शेकडो प्राण्यांवर प्रयोग केले, निष्कर्ष निःसंदिग्ध शब्दांत जाहीर केला, आणि तो निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. प्रयोग प्रामाणिक होते, नोंदी काळजीपूर्वक घेतल्या होत्या, तरीही उत्तर चुकले. हे कसे घडले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. नव्या द्रव्याचे आगमन

१८३१ च्या सुमारास अमेरिकेत गथ्री, फ्रान्समध्ये सुबेराँ आणि जर्मनीत लीबिग यांनी स्वतंत्रपणे क्लोरोफॉर्म तयार केले. तेव्हा ते रसायनशास्त्रातील एक कुतूहल म्हणूनच राहिले. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे मॉर्टन याने ईथरची भूल देऊन वेदनारहित शस्त्रक्रिया घडवून आणली आणि त्यानंतर ईथरहून सोयीस्कर द्रव्याचा शोध सुरू झाला. ४ नोव्हेंबर १८४७ रोजी रात्री एडिंबरो येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक जेम्स यंग सिम्प्सन यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह क्लोरोफॉर्म हुंगून पाहिले. त्यानंतर काही दिवसांतच त्यांनी प्रसूतीच्या वेळी त्याचा उपयोग केला आणि अल्पावधीत ते सर्वत्र पसरले.

या लोकप्रियतेची कारणे उघड होती. क्लोरोफॉर्म ईथरपेक्षा प्रभावी असून थोडक्या मात्रेत लागू पडे. ते पेट घेत नसे. घडी केलेला रुमाल वा टॉवेल एवढेच साहित्य त्याला पुरे. उष्ण प्रदेशांत आणखी एक कारण महत्त्वाचे ठरले. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळते, तर क्लोरोफॉर्म सुमारे ६१ अंशांना. दख्खनच्या उन्हाळ्यात ईथरची बाटली सांभाळणे किती अवघड, हे वेगळे सांगावयास नको. १८७२ नंतर इंग्लंडमध्ये ईथरला पुन्हा मान मिळू लागला, तरी स्कॉटलंड आणि हिंदुस्थान क्लोरोफॉर्मलाच चिकटून राहिले.

मात्र या सोयीच्या द्रव्याने तीन महिन्यांच्या आतच पहिला बळी घेतला. २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म देण्यात आले. शस्त्रक्रिया किरकोळ होती, परंतु मुलगी अतिशय घाबरलेली होती. सुमारे अर्ध्या मिनिटाने शस्त्र लावताच तिला एक झटका बसला, चेहरा पांढराफटक पडला आणि दोन-तीन मिनिटांतच सारे संपले. सिम्प्सन यांच्या मते, तिला शुद्धीवर आणण्यासाठी पाजलेल्या ब्रँडीने व पाण्याने तिचा श्वास कोंडला. लंडनचे जॉन स्नो यांना हे मान्य नव्हते. क्लोरोफॉर्मच्या तीव्र वाफेने हृदयच बंद पडले, असे त्यांचे मत होते. पहिल्याच मृत्यूच्या निदानापासून दोन तट पडले, ते असे.

२. दोन संप्रदाय

जॉन स्नो यांचे नाव पटकीच्या साथीच्या संशोधनामुळे सर्वांना ठाऊक आहे, परंतु त्यांचा दैनंदिन व्यवसाय भूल देण्याचा होता. १८५३ आणि १८५७ साली व्हिक्टोरिया राणीला प्रसूतिसमयी त्यांनीच क्लोरोफॉर्म दिले. हवेत क्लोरोफॉर्मचे प्रमाण किती, हा त्यांच्या दृष्टीने कळीचा प्रश्न होता. रुमालावर ते प्रमाण राखता येत नाही, म्हणून त्यांनी विशिष्ट उपकरणांचा पुरस्कार केला. १८५८ साली त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी क्लोरोफॉर्मखाली झालेल्या पन्नास मृत्यूंची छाननी केली असून त्यांचा कल हृदयाकडेच बोट दाखवणारा आहे. त्यांच्यामागून जोसेफ क्लोव्हर यांनी १८६२ साली ठरावीक प्रमाणाची वाफ भरलेली मोठी पिशवी वापरात आणली. क्लोव्हर यांचे जे छायाचित्र प्रसिद्ध आहे, त्यात ते भूल देत असताना त्यांचे बोट रुग्णाच्या नाडीवर ठेवलेले दिसते. लंडनच्या संप्रदायाचे मर्म त्या एका बोटात साठवलेले आहे.

एडिंबरोचा संप्रदाय याच्या नेमका उलट होता. तेथील विख्यात शल्यवैद्य जेम्स साइम यांचे सांगणे असे की, भूल देणाऱ्याने नाडीकडे मुळी लक्षच देऊ नये, श्वसन तेवढे पाहावे. श्वास घोगरा वा जड झाला की क्लोरोफॉर्म दूर करावे आणि जीभ पुढे ओढून श्वासमार्ग मोकळा करावा. नाडी बिघडेपर्यंत वाट पाहणे म्हणजे घर जळून गेल्यावर विहीर खणणे होय. साइम यांच्या हाती हजारो रुग्णांना क्लोरोफॉर्म दिले गेले आणि ते निर्धोक ठरले, असा त्यांचा दावा होता. त्यांचे जामात जोसेफ लिस्टर यांनी १८६१ साली हाच विचार मांडला. सोपे नियम पाळले तर कोणीही समंजस विद्यार्थी भूल देऊ शकेल आणि त्यासाठी खास तज्ज्ञाची गरज नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

या वादामागे दोन व्यवहार होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. लंडनमध्ये भूल देणे हा स्वतंत्र तज्ज्ञाचा व्यवसाय बनत होता. एडिंबरोत ते शल्यवैद्याच्या मदतनिसाचे काम होते. मदतनिसाला एकच गोष्ट सांगावयाची, तर डोळ्यांना दिसणारी व कानांना ऐकू येणारी सांगावी, हे शहाणपणाचेच होते. श्वासाला तो गुण आहे. नाडीची पारख अनुभवाने येते. आपल्याकडील जुन्या वैद्यांनाही याची जाणीव होती. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत नाडीपरीक्षेचा विस्तृत विचार नाही. तो शार्ङ्गधरसंहितेपासून ठळकपणे दिसू लागतो, आणि नंतरच्या काळात नाडी जाणणे हीच वैद्याची ओळख ठरली. 'नाडी सुटली' आणि 'श्वास थांबला' हे दोन्ही वाक्प्रचार मराठीत मृत्यूसाठीच योजतात. परंतु त्यांपैकी आधी काय घडते, हे भाषा सांगत नाही. वाद नेमका त्यावरच होता.

३. लॉरी आणि पहिला आयोग

एडवर्ड लॉरी हे साइम यांचे शिष्य. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल होऊन ते हिंदुस्थानात आले आणि १८८० नंतरच्या दशकात हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन झाले. तेथील वैद्यकीय शाळेची सूत्रेही त्यांच्या हाती आली. ही शाळा १८४६ साली स्थापन झालेली, म्हणजे मुंबईच्या १८४५ सालच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची जवळजवळ समवयस्क. लॉरी यांनी आपल्या गुरूची पद्धत येथे कसोशीने रुजविली. विद्यार्थ्यांनी क्लोरोफॉर्म द्यावे, श्वासावर नजर ठेवावी आणि नाडीला हात लावू नये, असा दंडक होता. हजारो रुग्णांच्या अनुभवानंतर त्यांची खात्री झाली होती की, क्लोरोफॉर्म हृदयाला थेट अपाय करीत नाही.

या शाळेतील विद्यार्थ्यांपैकी रूपाबाई फर्दूनजी या पारशी युवतीचा उल्लेख येथे केला पाहिजे. जगातील अगदी आरंभीच्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. ज्या काळात स्त्रियांना वैद्यकीय शाळांची दारे बहुधा बंदच होती, त्या काळात लॉरी यांनी हे काम त्यांच्याकडे सोपविले. लॉरी यांच्या सिद्धांताचे मूल्यमापन करताना त्यांची ही बाजू विसरता कामा नये.

अनुभवाला प्रयोगाची जोड देण्यासाठी १८८८ साली लॉरी यांनी पहिला आयोग नेमला. रस्त्यावरील भटक्या कुत्र्यांना क्लोरोफॉर्म देऊन मृत्यूचा क्रम पाहण्यात आला. प्रत्येक वेळी श्वसन आधी थांबले आणि हृदय नंतर. १८८९ च्या आरंभी वैद्यकीय शाळेच्या पारितोषिक समारंभात लॉरी यांनी हा निकाल जाहीर केला. लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकाने त्यावर शंका घेतली. युरोपातील प्रयोगशाळांतील निरीक्षणांशी हे जुळत नव्हते आणि पुरेशी उपकरणेही वापरलेली नव्हती. १८८० साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या ग्लासगो समितीने क्लोरोफॉर्ममुळे रक्तदाब घसरतो आणि हृदयावर परिणाम होतो, असे दाखवून दिले होते.

लॉरी यांनी हे आव्हान स्वीकारले. त्यांच्या विनंतीवरून सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने १००० पौंडांची रक्कम देऊ केली, आणि 'लॅन्सेट'ने आपला प्रतिनिधी हैदराबादला पाठवावा असे ठरले. विरोधकाने आपला परीक्षक स्वतः निवडावा आणि खर्च आपण सोसावा, ही लॉरी यांची वृत्ती कोणत्याही संशोधकाला शोभणारी होती.

४. दुसरा आयोग

'लॅन्सेट'ने टॉमस लॉडर ब्रंटन यांची निवड केली. औषधक्रियाशास्त्रात त्यांचा अधिकार मोठा होता. १८६७ साली हृदयशूलावर अमिल नायट्राइटचा उपयोग त्यांनी दाखवून दिला होता आणि १८८५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा औषधशास्त्रावरील ग्रंथ प्रमाणभूत मानला जाई. क्लोरोफॉर्मपासून हृदयाला धोका आहे, हेच मत घेऊन ते हैदराबादला आले, ही बाब महत्त्वाची आहे. आयोगात लॉरी, ब्रंटन, बॉमफर्ड आणि डॉ. रुस्तमजी हकीम हे होते. १८८९ च्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत काम चालले.

या वेळी साहित्याची उणीव नव्हती. १८४७ साली कार्ल लुडविग यांनी रूढ केलेल्या कायमोग्राफ या यंत्राची पद्धत आयोगाने अवलंबिली. काजळी धरलेला कागद फिरत्या दंडगोलावर गुंडाळावयाचा, प्राण्याच्या धमनीतील दाब एका नळीवाटे दाबमापकाला जोडावयाचा आणि त्याची टोकदार काडी कागदावर रेघ ओढीत राही. अशा रीतीने रक्तदाबाच्या लाटा आणि श्वसनाच्या हालचाली एकाच कागदावर उमटत. कुत्री, माकडे, बकऱ्या, घोडे, मांजरे व ससे मिळून सुमारे पाचशे प्राणी उपयोगात आणले गेले. आजच्या वाचकाला ही संख्या अस्वस्थ करील. त्या काळीही प्राण्यांवरील अशा प्रयोगांना इंग्लंडात कायद्याचे निर्बंध होते.

निकाल पुन्हा तोच लागला. क्लोरोफॉर्मची मात्रा वाढत गेली की रक्तदाब हळूहळू उतरतो, मग श्वसन थांबते आणि त्यानंतर काही वेळाने हृदय थांबते. श्वसन थांबल्याबरोबर कृत्रिम श्वसन सुरू केले तर प्राणी बहुधा वाचतो. रक्तदाब घसरणे हे संकट नसून जणू निसर्गाने केलेली तजवीज आहे, कारण रक्त मंदावल्याने विष मेंदूपर्यंत कमी पोहोचते, असाही अर्थ आयोगाने लावला. ब्रंटन यांचे मत पालटले आणि त्यांनी 'लॅन्सेट'ला तशी तार केली. १८९० च्या आरंभी तपशीलवार अहवाल 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. भूल देणाऱ्याने सर्वस्वी श्वसनावर विसंबावे, रुग्णाला आडवे निजवावे, त्याचे कपडे सैल करावेत आणि श्वासमार्ग मोकळा राखावा, अशा सूचना त्यात आहेत. यांपैकी बहुतेक सूचना आजही कोणी अमान्य करणार नाही. दोष होता तो नाडीला दिलेल्या रजेत.

५. प्रतिवाद

अहवालाने वाद मिटला नाही, उलट पेटला. स्कॉटलंडात आणि हिंदुस्थानात त्याचे स्वागत झाले. परंतु रुमालावरील क्लोरोफॉर्मने घडणारे अकल्पित मृत्यू थांबले नाहीत. अनेक मृत्यूंचे वर्णन हॅना ग्रीनरच्या मृत्यूशी मिळतेजुळते होते. रुग्ण धडधाकट, शस्त्रक्रिया क्षुल्लक, क्लोरोफॉर्म नुकतेच सुरू झालेले, आणि क्षणात चेहरा पांढरा पडून नाडी नाहीशी झालेली. त्यानंतरही काही श्वास चालू राहिल्याचे उल्लेख आढळत. 'श्वास आधी थांबतो' या नियमात हे बसत नव्हते.

१८९३ साली केंब्रिजचे गॅस्केल आणि शोअर यांनी या प्रश्नाला नवे वळण दिले. रक्तदाब उतरतो तो मेंदूतील केंद्रांवरील परिणामामुळे की प्रत्यक्ष हृदयावरील परिणामामुळे, हे वेगळे काढण्यासाठी त्यांनी दोन प्राण्यांचे रक्ताभिसरण परस्परांत गुंतविले. त्यामुळे क्लोरोफॉर्मयुक्त रक्त एकदा फक्त मेंदूकडे आणि एकदा फक्त हृदयाकडे पाठविता आले. रक्तदाबाची घसरण मुख्यतः हृदयावरील थेट परिणामामुळे होते, असे त्यांना आढळले. त्यापूर्वीच ॲबर्डीन येथील मॅकविल्यम यांनी १८८९ साली असे सुचविले होते की, माणसाचा आकस्मिक मृत्यू पुष्कळदा हृदयाच्या निलयांतील स्नायुतंतूंच्या विस्कळित कंपनामुळे होतो. या अवस्थेत तंतू एकसाथ आकुंचन न पावता वेगवेगळे थरथरतात. हृदय थांबलेले नसते, परंतु रक्त पुढे ढकलले जात नाही.

या दोन धाग्यांची गाठ शेवटी गुडमन लेव्ही यांनी बांधली. १९११ पासून पुढे काही वर्षे त्यांनी मांजरांवर प्रयोग केले. क्लोरोफॉर्मची हलकी भूल दिलेल्या प्राण्याच्या शिरेत अ‍ॅड्रेनॅलीन टोचले असता निलयांचे कंपन सुरू होऊन तो तत्काळ मरे. गाढ भुलेत हाच परिणाम घडत नसे. अ‍ॅड्रेनॅलीन शरीरातही स्रवते आणि भीती व वेदना ही त्याची ठळक निमित्ते आहेत. म्हणजे घाबरलेला रुग्ण, अर्धवट भूल आणि घाईने लावलेले शस्त्र हा संयोगच घातक होता. हॅना ग्रीनरच्या मृत्यूचे कारण काही अभ्यासक आजही श्वासमार्गातील अडथळ्यात शोधतात. तथापि तिच्याबाबत नोंदलेल्या साऱ्या परिस्थितीचा या संयोगाशी असलेला मेळ नजरेआड करता येत नाही.

औषधक्रियाशास्त्राने या शोधाचे पुढे सामान्य सूत्र बनविले. क्लोरीनसारखी हॅलोजन मूलद्रव्ये असलेली काही शुद्धिहारक द्रव्ये हृदयस्नायूला अ‍ॅड्रेनॅलीनबाबत अतिसंवेदनशील करतात. १९५६ साली प्रचारात आलेल्या हॅलोथेनबाबतही ही दक्षता घ्यावी लागली. क्लोरोफॉर्म यकृतालाही घातक असल्याचे सिद्ध झाले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते भूल देण्याच्या व्यवहारातून नाहीसे झाले.

६. चूक कोठे झाली?

हैदराबादच्या आयोगाला अडाणी वा अप्रामाणिक ठरविणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. त्यांच्या काजळीच्या कागदावर उमटलेली रेघ खरी होती. वाढत्या मात्रेच्या क्लोरोफॉर्मने मरणाऱ्या प्राण्याचा श्वास आधी आणि हृदय नंतर थांबते, हे आजही खरे आहे. चूक रेघेत नव्हती, विचारलेल्या प्रश्नात होती.

आयोगाने विचारले की, क्लोरोफॉर्म देत गेल्यास काय आधी थांबते? रुग्णालयापुढचा प्रश्न होता की, क्लोरोफॉर्म घेणारा माणूस कसा मरतो? हे दोन प्रश्न एकच आहेत, असे सर्वांनी गृहीत धरले. वस्तुतः मृत्यूच्या वाटा दोन होत्या. एक गाढ भुलेची होती. तिच्यात श्वसनकेंद्र हळूहळू निकामी होते, पूर्वसूचना मिळते आणि सावध माणसाला सावरता येते. दुसरी हलक्या भुलेची होती. तिच्यात हृदय अचानक विस्कळित होते आणि सूचना मिळत नाही. आयोगाचा प्रयोग पहिल्या वाटेवर उभा होता आणि दुसरी वाट त्याला दिसणे शक्यच नव्हते. प्राण्यांची संख्या पाचशेऐवजी पाच हजार केली असती, तरी तीच रेघ पाच हजार वेळा उमटली असती. पुराव्याचे परिमाण वाढविल्याने प्रश्नाचा दोष नाहीसा होत नाही.

दुसरे कारण मानवी आहे. लॉरी यांनी गुरूचे वचन सिद्ध करण्यासाठी प्रयोग केले, तपासण्यासाठी नव्हे. एडिंबरोचा श्वासनियम कार्यक्षेत्रात उपयुक्त होता. मदतनिसाला तो चांगली शिस्त लावीत होता आणि श्वासमार्ग कोंडून होणारे अनेक मृत्यू त्याने निश्चितच टाळले असतील. परंतु उपयुक्त नियम आणि शरीरक्रियेचे सत्य या दोहोंतील सीमारेषा पुसली गेली. 'श्वास अवश्य पाहा' या उत्तम सल्ल्याचे रूपांतर 'नाडी पाहूच नका' या आज्ञेत झाले. लॉरी अखेरपर्यंत आपल्या मतावर ठाम राहिले. १९०१ साली त्यांनी विद्यार्थ्यांसाठी क्लोरोफॉर्मवर पुस्तक लिहिले, त्यातही हाच उपदेश आहे.

त्यांच्या विरोधकांकडेही निर्दोष उत्तर नव्हते, हे नमूद केले पाहिजे. निलयांचे कंपन एकदा सुरू झाले की नाडीवरील बोट मृत्यूची वार्ता तेवढी देते. त्याला टाळण्याचे सामर्थ्य त्या बोटात नाही. खरा उपाय जॉन स्नो यांनी फार पूर्वी सुचविलेल्या दिशेला होता. मात्रा मोजून द्यावी आणि भूल संथपणे व अखंड द्यावी. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या क्लोरोफॉर्म समितीने वाफेचे प्रमाण दोन टक्क्यांपर्यंत मर्यादित राखण्याच्या उपकरणावर भर दिला, तो याच विचाराचा विस्तार होय. नाडी की श्वास या वादात दोन्ही पक्ष इतके गुंतले होते की, मात्रेचा प्रश्न पुष्कळ काळ बाजूला पडला.

७. तक्त्याचा उदय

'हे की ते' या वादातून बाहेर पडण्याचा मार्ग बॉस्टन येथील दोन विद्यार्थ्यांनी दाखविला. हार्वी कुशिंग विद्यार्थिदशेत ईथर देत असताना एक रुग्ण दगावला. त्या आघाताने त्यांच्या मनात हे काम सोडून देण्याचा विचार आला होता. पुढे १८९४ च्या सुमारास कुशिंग आणि त्यांचे सहाध्यायी कॉडमन यांनी भूल देताना ठरावीक अंतराने नाडी व श्वसन या दोहोंचे आकडे कागदावर मांडण्याचा परिपाठ सुरू केला. हेच 'ईथरचे तक्ते'. कोणते लक्षण श्रेष्ठ, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. सर्व लक्षणे एकाच कालरेषेवर ठेवली की त्यांचे परस्परसंबंध आपोआप दिसू लागतात, हे त्यांच्या कृतीचे सार होते.

त्या कालरेषेवर पुढे एकेक ओळ वाढत गेली. उष्णतामानाची ओळ तयारच होती. १८६८ साली वुंडरलिख यांचा ज्वरमापनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता, आणि त्याच सुमारास ऑलबट यांनी खिशात मावणारा आखूड तापमापक प्रचारात आणला होता. रक्तदाब मात्र बरीच वर्षे प्रयोगशाळेतच अडकून पडला, कारण तो मोजण्यासाठी धमनी उघडावी लागे. १८९६ साली इटलीतील रिव्हा-रोची यांनी दंडाभोवती फुगविण्याचा पट्टा तयार केला. १९०१ साली कुशिंग यांनी तो पाव्हिया येथे पाहिला आणि अमेरिकेत नेला. १९०५ साली रशियातील कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखालील धमनीवर स्टेथोस्कोप ठेवून येणाऱ्या ध्वनींचा अर्थ सांगितला, आणि वरचा व खालचा असे दाबाचे दोन्ही आकडे सहज मिळू लागले. हैदराबादेत ज्यासाठी प्राण्याच्या धमनीत नळी घालावी लागली, ते आता परिचारिका काही क्षणांत करू लागली. १९७४ साली जपानमधील ताकुओ आओयागी यांनी बोटाच्या टोकातून आरपार जाणाऱ्या प्रकाशावरून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ओळखण्याचे तत्त्व मांडले. त्यावर आधारलेल्या ऑक्सिमीटरमध्ये नाडी आणि श्वसनाचे फलित ही दोन्ही एकाच बोटावर वाचता येतात. लॉरी आणि क्लोव्हर यांच्या बोटांचा तंटा जणू त्या चिमट्यात मिटला आहे.

उपसंहार

मराठीत शुद्धिहरणाला 'भूल' म्हणतात आणि चुकीलाही 'भूल'च म्हणतात. हैदराबादच्या आयोगांच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ एकत्र आले. परंतु त्या इतिहासाला केवळ चुकीचा इतिहास म्हणणे उचित होणार नाही. आपल्या भूमीवर, एका देशी राज्याच्या द्रव्यसाहाय्याने, देशी सहकाऱ्यांच्या सहभागाने औषधक्रियाशास्त्रातील एक महत्त्वाचा प्रश्न प्रयोगाच्या कसोटीला लावला गेला, आणि जगातील वैद्यकाला त्याची दखल घ्यावी लागली. गॅस्केल व शोअर यांना आपला प्रयोग हैदराबादच्या अहवालाचा प्रतिवाद म्हणून मांडावा लागला, यातच त्या अहवालाचे स्थान स्पष्ट होते.

टी., पी., आर. ही अक्षरे शिकणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला हा इतिहास एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. तक्त्यावरील कोणताही एक आकडा ठीक आहे म्हणून रुग्ण ठीक आहे, असे समजू नये. ज्या आकड्याकडे पाहण्याची सवय लागलेली असते, तो बहुधा एकाच प्रकारच्या संकटाची सूचना देतो. दुसरे संकट दुसऱ्या ओळीत उमटते, आणि ती ओळ कोरी ठेवलेली असेल तर ते उमटतच नाही. हैदराबादच्या शाळेत नाडीची ओळ तत्त्व म्हणून कोरी ठेवली गेली होती. रात्रपाळीच्या घाईत श्वसनाचा आकडा न मोजता अंदाजाने लिहिणारी व्यक्ती तीच चूक उलट बाजूने करीत असते.